भारतीय पायदळाच्या रायफली, .३०३ ते एके-२०३: प्रदर्शनासाठी नेमकी माहिती हवी आहे

गिरणगावकर

नमस्कार मंडळी. परळच्या आमच्या महाविद्यालयात नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी, म्हणजे एनसीसी दिनाला, एक छोटं प्रदर्शन आहे. विषय आहे भारतीय पायदळाची वैयक्तिक हत्यारं, १९४७ पासून आजपर्यंत. सहा फलक आहेत, प्रत्येक ३ फूट × ४ फूट. प्रत्येकावर दीडशे शब्द आणि दोन-तीन चित्रं मावतील. बघायला येणारी बहुतेक मुलं अकरावी ते एफवायची. त्यातली निम्मी कॅडेट, म्हणजे .२२ चालवलेली आणि परेडला डीपी रायफल (कवायतीची, गोळी न झाडणारी) खांद्यावर घेतलेली.

नेटवर शोधलं तर जो तो दुसऱ्याचंच उतरवून काढतो असं दिसलं, म्हणून इथे विचारतोय.

१. आमच्याकडे ".३०३" म्हणून एक फोटो आला आहे, पण मॅगझिन चौकोनी आणि सरळ दिसतं. ही .३०३ आहे की ७.६२ वाली २ए१ (.३०३ च्याच रचनेची नंतरची रायफल)? फोटोवरून ओळखायचं कसं?

२. एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) ही बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या एफएएलची नक्कल, ब्रिटिश रायफलीची की आपली?

३. इन्सास (आपली ५.५६ ची रायफल) "फेल गेली" असं सगळे सरसकट लिहितात. नेमकं काय बिघडत होतं?

४. ७.६२ सोडून ५.५६ वर गेलो आणि परत ७.६२ वर आलो. का? आणि आता एकाच वेळी दोन नव्या रायफली का?

फलक वर्षांच्या क्रमाने लावायचं ठरवलं आहे. त्यातही काही सुचवायचं असेल तर सांगा.

---

पुंगळी

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर नीट समजलं की बाकीचे तीन आपोआप जागेवर बसतात.

फलक रायफलींच्या क्रमाने लावू नका, काडतुसांच्या क्रमाने लावा. सैन्याने रायफल बदलली असं आपण म्हणतो, पण खरा निर्णय दर वेळी काडतुसाचा होता. रायफल म्हणजे एक कारखाना. काडतूस म्हणजे पितळ, बारूद, गोळी, पेट्या, डेपो, खेचरांवरची ओझी आणि पुढची तीस-चाळीस वर्षं. लाखो रायफली बदलता येतात, कोट्यवधी गोळ्यांची साखळी बदलायला एक पिढी जाते. आपल्याकडे ही साखळी चार वेळा हलली आहे.

पहिलं काडतूस .३०३. लांबी ७८ मिमी, गोळी १७४ ग्रेन (११.३ ग्रॅम), वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. बुडाला बाहेर आलेली कडा. ही कडा लक्षात ठेवा, खाली कुणीतरी तिच्याबद्दल लिहीलच.

दुसरं ७.६२ × ५१ (गोळीचा व्यास × पितळी पुंगळीची लांबी, मिमीमध्ये), म्हणजे नाटोचं. लांबी ७१ मिमी, गोळी १४७ ग्रेन (९.५ ग्रॅम), वेग ८४० च्या आसपास. कडा नाही, त्याऐवजी बुडाशी खाच. एसएलआर आणि २ए१ दोन्ही याच काडतुसाच्या.

तिसरं ५.५६ × ४५. लांबी ५७ मिमी, गोळी ६२ ग्रेन (४ ग्रॅम), वेग ९०० च्या आसपास. हे इन्सासचं.

चौथं ७.६२ × ३९. लांबी ५६ मिमी, गोळी १२३ ग्रेन (८ ग्रॅम), वेग ७१५ च्या आसपास. एकेएम (एके-४७ ची पुढची आवृत्ती) आणि आताची एके-२०३ याची.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. फलकावर नुसतं "७.६२" कधीच लिहू नका. दुसरं आणि चौथं काडतूस दोन्ही ७.६२ च म्हणवतात, पण एकाचं दुसऱ्यात बसत नाही. पुंगळीची लांबी वेगळी, आकार वेगळा, आणि गोळीचा खरा व्यासही किंचित वेगळा. "परत ७.६२ वर आलो" या तुमच्या वाक्यात हाच घोळ आहे. आपण एका ७.६२ वर परत आलो आणि दुसरं ७.६२ आपल्याकडे आधीपासून होतं.

५.५६ वर का गेलो? वजनामुळे. शंभर गोळ्या ७.६२ × ५१ च्या घेतल्या तर सुमारे २.४ किलो, ५.५६ च्या सुमारे १.२ किलो. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. धक्का कमी, त्यामुळे नवा जवान लवकर शिकतो आणि दुसरी गोळी पहिलीच्या जवळ लागते. १९८० च्या दशकात जगातली बहुतेक सैन्यं याच दिशेने चालली होती.

परत का आलो? कारण काश्मीरमध्ये आणि नियंत्रण रेषेवर पायदळाचा अनुभव असा होता की गोळी लागूनही समोरचा माणूस लढत राहतो, आणि खोऱ्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला मारा करायचा तर ४ ग्रॅमची गोळी कमी पडते. २०१६ च्या सुमारास सैन्याने आपली मागणी बदलून ७.६२ × ५१ ची केली. त्याआधी २०११ मध्ये नळी बदलून दोन कॅलिबर चालवणारी रायफल घ्यायची निविदा निघाली होती, ती २०१५ मध्ये रद्द झाली. माझ्या मते तो काळ वाया गेला. "दोन्ही एकात" ही मागणीच चुकीची होती. नळी बदलली की साईट पुन्हा शून्यावर आणावी लागते, आणि मोर्चावर ते कोण करणार?

मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ७.६२ × ५१ च्या सिग ७१६ जातीच्या ७२,४०० रायफलींचा करार झाला: ६६,४०० सैन्याला, ४,००० हवाई दलाला, २,००० नौदलाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या. या सीमेवर पुढच्या फळीत असलेल्या पायदळासाठी. एके-२०३ चा करार डिसेंबर २०२१ चा, ६,०१,४२७ रायफलींचा, आणि उत्पादन उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरव्याला. ही दहशतवादविरोधी मोहिमांसाठी आणि बाकीच्या सैन्यासाठी. म्हणजे एक लांब पल्ल्याची, एक जवळच्या लढाईची. संख्या पाहिलीत तर पायदळाचा रोजचा सोबती कोण होणार ते कळतंच.

---

ईशापूर_शिक्का

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मॅगझिन चौकोनी आणि सरळ असेल तर ती बहुधा २ए किंवा २ए१ आहे. पण नुसत्या मॅगझिनवर जाऊ नका, मॅगझिन बदलता येतं. हे बघा:

मॅगझिन: .३०३ चं दहा गोळ्यांचं, खालची बाजू तिरकी. कडेच्या काडतुसांना तसा उतार लागतो. २ए१ चं बारा गोळ्यांचं, डब्यासारखं काटकोनी. दहा गोळ्यांचंही कधीकधी दिसतं.

मागची साईट: .३०३ ची पट्टी २,००० यार्डांपर्यंत. २ए मध्ये तीच लांब पल्ल्याची पट्टी राहिली होती. २ए१ मध्ये ती ८०० मीटरपर्यंत आणली. २ए आणि २ए१ यांच्यातला मुख्य फरक हाच.

शिक्का: दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथल्या पट्ट्यावर उजव्या बाजूला बघा. १९४७ पूर्वीच्या रायफलीवर मुकुट, त्याखाली जीआरआय (राजाची आद्याक्षरं), ईशापूर (बंगालमधला रायफल कारखाना) आणि वर्ष. नंतरच्यांवर आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर), मॉडेल आणि वर्ष. फोटोत हा पट्टा स्पष्ट असेल तर वाद संपला.

पुढच्या लाकडातला आडवा स्क्रू: मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू दिसला तर ती ईशापूरची किंवा तिथे दुरुस्त झालेली. आपल्या हवेत लाकूड फुगतं, आकसतं आणि फाटतं, म्हणून तो घातला. तो .३०३ वरही असतो आणि २ए१ वरही, त्यामुळे त्यावरून कॅलिबर ठरवू नका.

तारेचे वेढे: काही .३०३ च्या पुढच्या लाकडावर तार गुंडाळलेली असते. ती "तुटलेली, बांधलेली रायफल" नव्हे. नळीच्या तोंडावर पेला बसवून ३६ नंबरचा ग्रेनेड फेकायला वापरलेली रायफल ती. त्या धक्क्याने लाकूड चिरू नये म्हणून वेढे. हाताने फेकायच्या ग्रेनेडला ४ सेकंदांचा फ्यूज, पेल्यातून उडवायच्या ग्रेनेडला ७ सेकंदांचा. मुलांना हे सांगायला छान आहे.

आता एक गैरसमज, जो तुमच्या फलकावर हमखास येईल. २ए१ म्हणजे ".३०३ ची नळी बदलून केलेली रायफल" नव्हे. ७.६२ × ५१ चा दाब जास्त, म्हणून ईशापूरने पोलाद सुधारून ती नवीन घडवली. रचना जुनी, धातू नवा. १९६२ नंतर हत्यारांची निकड होती आणि एसएलआर पुरेशा वेगाने तयार होत नव्हत्या. त्या काळात नवं काडतूस चालवणारी पण जुन्या यंत्रांवर बनणारी रायफल हवी होती, ती ही. वर पुंगळी यांनी म्हटलं तेच, काडतूस आधी बदललं आणि रायफल त्याच्यामागे धावली.

आणखी एक. इंग्लंडने दुसऱ्या महायुद्धात नं. ४ रायफल काढली, पण ईशापूरने ती कधी बनवली नाही. इथे नं. १ मार्क ३ चंच, म्हणजे वर वर्णन केलेल्या .३०३ चंच, काम चालू राहिलं. त्यामुळे फलकावर नं. ४ चं चित्र टाकू नका. नं. ४ ओळखायची खूण सोपी: नळीचं टोक लाकडाच्या पुढे थोडं बाहेर असतं. मार्क ३ मध्ये तोंडाशी लोखंडी टोपण असतं आणि नळी त्यात झाकलेली असते.

---

साठ्ये_वाचनालय

वर "कडा" लक्षात ठेवा म्हटलं आहे, ते कुणी सांगेल का? आणि .३०३ आणि एसएलआर चालवण्यात फरक किती पडतो, आकड्यांत?

---

खडकी_बाजार

कडेचं मी सांगतो, आणि पुढे एसएलआर, इन्सासही घेतो. पायदळाच्या रायफलीचा इतिहास म्हणजे ती कुठे अडकते याचाच इतिहास.

.३०३: मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात. वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. मागे राहिली तर बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा) वरचं काडतूस ढकलतो आणि ते खालच्यालाही ओढून नेतं. दोन्ही तोंडाशी अडकतात, आणि मॅगझिन काढून मोकळं करण्याशिवाय इलाज नाही. म्हणून पाच गोळ्यांच्या क्लिपमध्ये कडा आलटून पालटून लावायच्या, तीन खाली, दोन वर. अशी क्लिप कोणत्याही बाजूने घातली तरी चालते. घाईत सुट्या गोळ्या भरताना प्रत्येक गोळी पुढे सरकवूनच दाबायची. दहा गोळ्या म्हणजे दोन क्लिप.

वेगाचं म्हणाल तर: लढाऊ शिपायाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. बोल्ट-अॅक्शनसाठी हे फार चांगलं, आणि ते जमतं ते बोल्टमुळे. हँडल फक्त साठ अंश वर जातं, आणि आतली स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते, उघडताना नाही. त्यामुळे उघडायला जोर लागत नाही आणि डोळा साईटवरून हटत नाही. पण प्रत्येक गोळीमागे हँडल वर, मागे, पुढे, खाली हे करायचंच. १९६२ मध्ये समोरच्या चिनी तुकड्यांकडे एसकेएस आणि एके जातीच्या रायफली होत्या, त्यांना हे करावं लागत नव्हतं. रेझांग ला इथे १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीने १८ नोव्हेंबरला जे केलं ते .३०३ घेऊन केलं. हे वाक्य फलकावर जरूर असू द्या.

एसएलआर (१ए१): दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तिन्ही थोडंथोडं". मूळ रचना बेल्जियमच्या एफएनची. आपल्याकडे बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने खोलून पाहिले गेले आणि पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेने स्वतःची आरेखनं काढली. एफएनने हरकत घेतली, पुढे समझोता झाला. चेहरा ब्रिटिश एल१ए१ चा आहे, पण सुटे भाग सरसकट अदलाबदल होत नाहीत. एक खूण अस्सल इथली: दस्त्याच्या मागे .३०३ चीच पितळी झाकणाची प्लेट, आत तेलाची बाटली आणि पुल-थ्रू (नळी पुसायची दोरी). जुन्या रायफलीची साफसफाईची सवय आणि सामान तसंच पुढे आलं.

वीस गोळ्यांचं मॅगझिन, एकेक गोळी, ऑटोमॅटिक नाही. अडकण्याचं मुख्य कारण गॅस. नळीतून थोडा गॅस पिस्टनवर येतो आणि बोल्ट मागे फेकतो. किती गॅस पिस्टनकडे जाईल आणि किती बाहेर सोडायचा हे रेग्युलेटरची कडी फिरवून ठरवतात. रायफल स्वच्छ असताना कमी गॅस पुरतो. काजळी साचली, धूळ गेली, तेल घट्ट झालं की तोच गॅस कमी पडतो आणि रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर न पडता बोल्टमध्ये अडकते. उपाय: मॅगझिन काढ, मोकळं कर, रेग्युलेटर एक-दोन खट बंद कर, पुन्हा चालव. उलट भीतीने आधीच पूर्ण बंद करून ठेवला तर बोल्ट दर वेळी जास्त जोरात आपटतो, धक्का वाढतो आणि रायफल लवकर झिजते. म्हणून ठरवायची रीत अशी की आधी उघडा ठेवायचा, रायफल नीट चालू लागेपर्यंत एकेक खट बंद करत जायचं आणि मग दोन खट जास्त.

दुसरी चूक गॅस प्लगची. रायफल ग्रेनेड उडवण्यासाठी तो फिरवून गॅस पूर्ण तोडता येतो. साफ केल्यावर तसाच राहिला तर प्रत्येक गोळीला हाताने कॉक करावं लागतं. रायफल बिघडली असं वाटतं, बिघडलेलं काहीच नसतं.

इन्सास: "फेल" या एका शब्दात तिला गुंडाळू नका, ते त्या रायफलीवर आणि एआरडीईवर अन्याय आहे. आतली रचना एकेएमच्या वळणाची, गॅस रेग्युलेटर एफएएलचा, कॉकिंग हँडल डावीकडे पुढे जर्मन पद्धतीचं, दस्त्याची प्लेट पुन्हा .३०३ ची. रिकामी सुमारे ४.१५ किलो, मॅगझिन २० चं. एकेक गोळी किंवा तीनचा बर्स्ट. सलग ऑटोमॅटिक मुद्दाम दिलं नाही, गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून.

१९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती लोकांसमोर आली आणि पुढच्याच वर्षी कारगिल. तिथे जे बिघडलं ते हे: अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं मॅगझिन, आतल्या गोळ्या दिसाव्यात म्हणून केलेलं, ते कडाक्याच्या थंडीत तडकायचं. मॅगझिनच्या ओठाला तडा गेला की वरची गोळी ठरलेल्या कोनात राहत नाही आणि बोल्ट तिला चेंबरच्या काठावर नेऊन आपटतो. तीनचा बर्स्ट काही वेळा तीनवर थांबायचा नाही. आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यात तेल उडाल्याच्या तक्रारी होत्या. पुढच्या आवृत्त्यांत मॅगझिन सुधारलं, बरंच काही सुधारलं. पण सैनिकाचा हत्यारावरचा विश्वास एकदा गेला की सुधारलेली आवृत्ती तो परत मिळवून देत नाही. तिथेच इन्सास हरली, कागदावर नाही.

आणि हे विसरू नका की ती उशिरा आली. श्रीलंकेत १९८७ नंतर शांतिसेनेच्या हाती एसएलआर होती आणि समोर एके जातीच्या रायफली. जंगलात, तीस-चाळीस मीटरवर, लांबलचक एसएलआर अडचणीची. इन्सास तयार नव्हती, तिचा ५.५६ चा दारूगोळाही पुरेसा नव्हता, म्हणून १९९० च्या सुरुवातीला पूर्व युरोपातून सुमारे एक लाख एकेएम जातीच्या रायफली आणल्या. ७.६२ × ३९ आपल्याकडे आलं ते असं, तात्पुरती सोय म्हणून, आणि कायमचं राहिलं.

---

माणगाव_रस्ता

चर्चा उत्तम आहे, पण एक गोष्ट सुटते आहे. पायदळ एका रायफलीने लढत नाही, सेक्शन (पायदळाची सर्वांत लहान तुकडी) लढतो. तुमच्या सहा फलकांपैकी एक सेक्शनला द्या.

दुसऱ्या महायुद्धात सेक्शनमध्ये एक ब्रेन (हलकी मशीनगन), सेक्शन कमांडरकडे टॉमी गन (सबमशीनगन), बाकीच्यांकडे .३०३. ब्रेन आणि रायफल एकाच काडतुसाच्या, म्हणून प्रत्येक रायफलवाला ब्रेनची मॅगझिनंही वाहायचा. ब्रेनचं मॅगझिन तीसचं, पण स्प्रिंगवर ताण नको आणि कडा अडकू नयेत म्हणून सहसा अठ्ठावीसच भरत. (भारतीय सैन्याने त्याआधी १९३३ मध्ये व्हिकर्स-बर्थियर घेतली होती, ती ईशापूरलाच बनायची. दिसायला ब्रेनसारखीच, चित्र निवडताना गफलत होते.)

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी उदाहरण हवं तर नाईक यशवंत घाडगे यांचं घ्या, ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, मग टॉमी गनने एकाला मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घाव घातले. त्यानंतर ते शत्रूच्या गोळीने पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातले, माणगावात त्यांचा पुतळा आहे. "मॅगझिन बदलायला वेळ नव्हता" हे कोणतंही कोष्टक सांगू शकत नाही. मॅगझिनमध्ये किती गोळ्या असाव्यात या वादाचं मोल त्यातून कळतं.

आणि यातून पुंगळी यांच्या मुद्द्याला बळच मिळतं. १९६० नंतर ब्रेन ७.६२ × ५१ मध्ये बदलली ती एसएलआरशी जुळावी म्हणून. तिचं मॅगझिन जवळजवळ सरळ झालं, कारण कडा गेली. फोटोत वाकडं मॅगझिन म्हणजे .३०३ ब्रेन, सरळ म्हणजे ७.६२. इन्सासची एलएमजी (हलकी मशीनगन) रायफलीच्याच काडतुसाची, तीसचं मॅगझिन दोन्हींत चालणारं. आणि मार्च २०२० मध्ये १६,४७९ नेगेव्ह एनजी-७ हलक्या मशीनगन मागवल्या, त्या ७.६२ × ५१ च्या, म्हणजे सिगच्या जोडीच्या. आता ज्या तुकडीकडे एके-२०३ आणि नेगेव्ह दोन्ही असतील तिथे सेक्शनमध्ये दोन प्रकारच्या गोळ्या वाहाव्या लागतील. हा खरा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

---

गिरणगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो पुन्हा मोठा करून पाहिला: पट्ट्यावर आरएफआय २ए१ दिसतंय, आडवा स्क्रूही आहे. फलक काडतुसांप्रमाणे लावतो: चार काडतुसांचे चार, एक सेक्शनचा. सहावा मुंबईचा करावा म्हणतो, २६/११ आणि पोलिसांच्या .३०३. तो कसा मांडावा? आणि खऱ्या गोळ्या किंवा रायफल मांडता येईल का?

---

कल्याण_यार्ड

आधी शेवटचा प्रश्न, कारण त्यात गुन्हा दाखल होऊ शकतो. .३०३, ७.६२, ५.५६ हे सगळे नागरिकांना मनाई असलेले बोअर. जिवंत काडतूस कुणी "आजोबांची आठवण" म्हणून आणून दिलं तरी टेबलावर ठेवू नका, १९५९ चा शस्त्र कायदा त्यावर लागतो. रिकाम्या पुंगळ्याही कुठून तरी गोळा करू नका. रायफल हवी असेल तर तुमच्या एनसीसी युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला लेखी अर्ज करा. डीपी रायफल युनिटच्या पीआय स्टाफसोबत (प्रशिक्षक सैनिकांसोबत) येते, त्यांच्याच ताब्यात राहते आणि संध्याकाळी कोतात (शस्त्रागारात) परत जाते. मंडपात रात्री ठेवायची नाही.

त्याऐवजी हे करा. लाकडाची खराद करणाऱ्याकडून चार काडतुसं पूर्ण मापात करून घ्या. मापं मिलिमीटरमध्ये, क्रम पूर्ण लांबी, पुंगळीची लांबी, बुडाचा व्यास:

.३०३: ७८, ५६, १३.७
७.६२ × ५१: ७१, ५१, १२
५.५६ × ४५: ५७, ४५, ९.६
७.६२ × ३९: ५६, ३९, ११.३

पुंगळीला सोनेरी, गोळीला तांब्याचा रंग. .३०३ ची कडा ठळक कोरायला सांगा आणि बाकी तिघांना खाच. फलकावरच मूळ मापात छापायचं असेल तर छपाईवाल्याला शंभर टक्के मापात छापायला सांगा, पानात बसवायला नको, आणि प्रूफवर फूटपट्टी लावून ७८ मिमी मोजून घ्या.

टेबलाखाली वाळूच्या चार पुरचुंड्या ठेवा: २.५, २.४, १.२ आणि १.७ किलो. प्रत्येक म्हणजे शंभर गोळ्या. मुलं उचलून बघतील तेव्हा ५.५६ का आली ते वेगळं सांगावं लागणार नाही.

आता सहावा फलक. जपून लिहा, कारण ज्यांची माणसं गेली ती याच शहरात आहेत. सीएसटीवर हल्लेखोरांकडे एके जातीच्या रायफली होत्या. फलकावर "एके-४७" लिहिणार असाल तर त्याऐवजी "एके जातीची" लिहा. रेल्वे पोलिसांकडे .३०३ होत्या, बऱ्याच जणांकडे फक्त लाठ्या. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने सहकाऱ्याच्या हातातली .३०३ घेऊन गोळी झाडली, हेही नोंदवलेलं आहे. ".३०३ निकामी होती" असं मात्र लिहू नका. ती रायफल तीनशे मीटरवर नेम धरायची. भरलेल्या हॉलमध्ये, खांबांच्या आडून, सेकंदात दुसरी आणि तिसरी गोळी हवी असते तेव्हा बोल्ट ओढण्यातला वेळच उरत नाही. आणि हत्यारापेक्षा मोठी उणीव सरावाची होती. शीघ्र कृती दलाला गोळीबाराचा सराव मिळत नव्हता हा मुद्दा २६/११ ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीच्या अहवालात आहे.

गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या तरी सोडली नाही. त्यांना अशोक चक्र मिळालं. त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहा, विशेषणांशिवाय.

त्यानंतरचं थोडक्यात: राज्याने २००९ मध्ये फोर्स वन ही दहशतवादविरोधी तुकडी उभारली, पोलिसांना नवी हत्यारं मिळू लागली. देशात .३०३ हळूहळू गेली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला निरोप दिला.

---

पुंगळी

एक राहिलं. दारूगोळ्याच्या फलकावर नकाशा टाका. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि भुसावळजवळ वरणगावला लहान हत्यारांच्या गोळ्या बनतात. रायफल बंगालमध्ये बनली तरी तिची गोळी बरीचशी महाराष्ट्रातून गेली आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया, मुख्यालय पुण्यात. ईशापूर मात्र शस्त्रांच्या कंपनीत, तिचं मुख्यालय कानपूरला. नकाशावर जुनी आणि नवी नावं दोन्ही द्या, नाहीतर जुन्या फोटोंवरचे शिक्के मुलांना जुळणार नाहीत.